शाळिग्रामाच्या आत त्या प्राण्याचा देह उरलेला असतो का?

रामकुंडकर
पंचवटीत, काळाराम मंदिराच्या वाटेवर शाळिग्राम विकायला असतात. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातले काळे गोटे, उघडलेल्या गोट्यात चक्र. हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचा शंख, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. माझा प्रश्न शंखाबद्दल नाही. शंख म्हणजे घर. त्या घरात जो मऊ जीव राहायचा, त्याचे डोळे, बाहू, आतडं, स्नायू, यातलं काही गोट्यात उरतं का? उरत नसेल तर का? आणि न फोडता आत बघायची काही सोय आहे का? गोटा देवघरातला आहे, त्यामुळे फोडण्याचा विषयच नाही.

शंखशिंपले
जवळजवळ कधीच उरत नाही. जगभरात लाखो अमोनाइट गोळा झालेत आणि देहाचे अवशेष असलेले नमुने अगदी मोजके.

आधी देह कुठे असायचा ते बघू, म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल. अमोनाइटचा शंख आतून पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेला असतो. प्राणी या सगळ्या कप्प्यांत राहत नसे. वाढेल तसा तो पुढे सरके आणि मागे नवा पडदा बांधे. मागच्या कप्प्यांचा उपयोग पाण्यात तरंगण्यापुरता. सगळ्या पडद्यांमधून एक बारीक नळी जाते आणि तिच्या वाटे कप्प्यातलं पाणी शोषलं जातं. अमोनाइटमध्ये ही नळी वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेला असते, नॉटिलसमध्ये (कप्प्यांच्या शंखाचा, आजही जगणारा समुद्रजीव) पडद्याच्या मध्याजवळून जाते. देह फक्त शेवटच्या, तोंडाकडच्या कप्प्यात. हा कप्पा बहुतेक जातींत अर्ध्या ते एका वेटोळ्याएवढा लांब असतो.

म्हणजे चक्राच्या मधोमध कितीही निरखलं तरी तिथे देह मिळणार नाही. बाहेरच्या वेटोळ्याचा शेवटचा भाग शाबूत आहे का ते बघा. नदीत घासलेल्या गोट्यात नेमका तोच भाग गेलेला असतो.

अंजनेरी
समुद्रफेनाची रचना पण अशीच ना? पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात ते?

शंखशिंपले
हो अंजनेरी, बरोबर पकडलंत. समुद्रफेन हे कटलफिशच्या पाठीतलं कवच, आणि त्यातही तरंगायला अतिशय बारीक कप्पे असतात. आडवं मोडून भिंगाखाली धरा, एकावर एक पातळ मजले आणि मधले खांब दिसतील. दिसायला अमोनाइट नॉटिलससारखा असला तरी त्याचं जवळचं नातं माकुल आणि कटलफिशच्या कुळाशी आहे.

दगडफोड्या
एवढं कशाला? दुकानातून दुसरा एक गोटा आणा, हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने मधोमध कापा, आत काय आहे ते समोर येईल.

गाळसाळ
दगडफोड्या, शंखाचे कप्पे बघायचे असतील तर ठीक. मऊ भाग शोधायचा असेल तर करवत हे चुकीचं हत्यार आहे. पातं दीड-दोन मिलिमीटर जाडीचा दगड खातं, आणि जे शोधतोय त्याची जाडी बरेचदा त्याहून कमी असते.

कापायचंच तर इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरच्या गोट्यांसारखं कापावं लागतं. तिथे सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावरच्या बारीक प्राण्यांवर ज्वालामुखीची राख पडली. देह कुजून गेले, पण राखेत त्यांचे साचे राहिले आणि त्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलं. आतला कॅल्साइट आणि बाहेरचा दगड यांत फरक इतका कमी की क्ष-किरणांनी नीट वेगळं दिसत नाही. म्हणून गोटा २० ते ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टप्प्याने घासायचा, प्रत्येक थराचा फोटो काढायचा आणि शेकडो फोटो संगणकात रचून प्राणी पुन्हा उभा करायचा. शेवटी मूळ नमुन्याचा भुगा उरतो. पण त्यातून ५ मिलिमीटरच्या ऑस्ट्राकोडचे, म्हणजे दोन शिंपांत राहणाऱ्या बारीक कवचधारी प्राण्याचे, पाय, कल्ले आणि नराचं जननेंद्रियसुद्धा दिसलं. २००३ साली हे प्रसिद्ध झालं.

रामकुंडकर
भुगा झालेला नको :) पण मूळ मुद्दा कळला नाही. मांस कुजतं, तर काही ठिकाणी ते टिकतं कसं? गाळात हवा नव्हती म्हणून?

गाळसाळ
हा समज फार पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हवा नसली म्हणून कुजणं थांबत नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू सल्फेट वगैरे वापरून तेच काम करतात, आणि बरेचदा पुरेशा वेगाने करतात. १९८० च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवून झालंय. ऑक्सिजन नसण्याचा खरा फायदा असा की खेकडे, किडे आणि चिखल उकरणारे प्राणी तिथे येत नाहीत. देह विस्कटत नाही. त्यापुढे शर्यत असते. कुजण्याच्या आधी एखादं खनिज त्या जागी बसलं पाहिजे. म्हणजे जीवाश्मात आपण मांस बघत नाही, मांसाच्या आकाराचं खनिज बघतो, नाहीतर दाबलेल्या कार्बनचा पापुद्रा.

कोणतं खनिज बसणार ते आम्लतेवर ठरतं. समुद्राच्या पाण्यात एरवी कॅल्शियम कार्बोनेट बसायला तयार असतं. देह बंदिस्त जागी कुजायला लागला की आम्लं आणि कार्बन डायऑक्साइड साठतात, पीएच घसरतो. तो साधारण ६.४ च्या खाली गेला की कार्बोनेट बसत नाही आणि कॅल्शियम फॉस्फेटला वाट मिळते. फॉस्फेटचे कण इतके बारीक असतात की स्नायूचे तंतूसुद्धा उमटतात. पुढे पीएच पुन्हा चढला की भोवती कार्बोनेट जमून गोटा बनतो. आत फॉस्फेट, बाहेर कार्बोनेट, असा क्रम जमला तर नमुना अप्रतिम निघतो.

आता अमोनाइटकडे या. प्राणी मेल्यावर मऊ देह शंखातून सुटून बाहेर येतो, किंवा कुणीतरी ओढून खातो. रिकामा शंख कप्प्यांतल्या वायूमुळे तरंगत जाऊ शकतो आणि दुसरीकडेच बुडतो. गाळात पोचतं ते रिकामं घर. तुमच्या गोट्यात देह नसण्याचं पहिलं कारण हे. रसायनाची पाळी त्यानंतर येते.

शंखशिंपले
गाळसाळ +१. यात अपवाद कुठले तेही सांगते, रामकुंडकरांनी विचारलं होतं.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये १९९८ साली एक ज्युरासिक अमोनाइट मिळाला, साधारण १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात देह त्रिमितीत टिकला होता. तो न्यूट्रॉन आणि क्ष-किरण अशा दोन्ही स्कॅनने बघितला आणि २०२१ साली प्रसिद्ध केला. देह शंखात खोल ओढून घेणारी स्नायूंची जोडी त्यात दिसते. जर्मनीतल्या आइश्टेटचा नमुना याच्या उलट आहे. तिथे शंख नाहीच, नुसता देह चुनखडीवर पसरलाय, जबडा आणि पचनमार्गासकट. आणि बॅक्युलाइट्स या सरळ शंखाच्या अमोनाइटच्या तोंडाचा फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र) स्कॅन झाला, २०११ साली. जिभेवरच्या कानशीसारख्या पट्टीवर दातांच्या रांगा, सगळ्यात उंच दात २ मिलिमीटर. तोंडात एक इवलीशी गोगलगाय आणि बारीक कवचधारी प्राण्याचे तुकडे अडकलेले! शेवटचा घास दगडात राहिला.

पिंपळपार
शेवटचा घास… अंगावर काटा आला.

वडांगळी_७
घासाचाच विषय आहे तर चेकियाच्या ट्रायलोबाइटचं, म्हणजे नामशेष झालेल्या कवचधारी समुद्रजीवाचं, सांगायला हवं. बोहेमोलिकास, साधारण ४६.५ कोटी वर्षं जुना, २०२३ साली प्रसिद्ध झाला. आतडं ठासून भरलेलं: ऑस्ट्राकोडची कवचं, शिंपल्यांचे आणि काटेरी त्वचेच्या प्राण्यांचे तुकडे. त्यात बारकाईने बघण्यासारखं म्हणजे त्या तुकड्यांच्या कडा अजून धारदार आहेत, आम्लाने झिजलेल्या नाहीत. यावरून आतड्यातला पाचकरस आम्लधर्मी नसावा असं निघतं. पोट पाहिलं म्हणून पचनाचं रसायन कळलं.

काळापाषाण
या निमित्ताने नाशिकच्या दगडांबद्दल लिहितो, कारण "खाणीत जेलीफिशचा जीवाश्म सापडला" असे फोटो दर पावसाळ्यात फिरतात.

आपल्या पायाखालचा दगड दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात समुद्रजीव असणं शक्य नाही. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जिथे तळी साचली तिथे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मिळतात, नागपूरकडे त्या प्रसिद्ध आहेत. समुद्राचे अवशेष हवे असतील तर उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात बाघचे थर आहेत. तिथे सागरगोटे, म्हणजे समुद्री अर्चिन, आणि कालवं आहेत. तिथलं काही उचलून आणू नका, जागेवरच फोटो काढा.

मग फोटोत असतं काय? बहुतेक वेळा झिओलाइट नावाचं खनिज. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यात सुयांसारखे स्फटिक मध्यातून चहूकडे पसरतात आणि गोल, किरणं फुटलेली "जेलीफिश" तयार होते. भिंगातून बघा: सुया सरळ आणि टोकदार असतात, सजीवाच्या अवयवासारख्या वळत नाहीत. दुसरी फसवणूक मँगनीजच्या झाडासारख्या नक्षीची. ती भेगेच्या पृष्ठभागावरच असते, आणि फाटे आटत आटत न जाता वेडेवाकडे फुटतात. तिसरी म्हणजे लाव्ह्याच्या तळाशी उभ्या राहिलेल्या वायूच्या नळ्या. त्यांना लोक किड्यांची बिळं म्हणतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे इतके प्रकार आहेत की एकदा फेरी मारली की नजर तयार होते.

अंजनेरी
तज्ज्ञांचीही फसगत होते का अशी?

काळापाषाण
होते. भीमबेटकाचंच घ्या. तिथल्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया, म्हणजे ५५ कोटी वर्षांमागचा मऊ अंगाचा सपाट जीव, सापडल्याचं २०२१ साली एका शोधपत्रिकेत आलं. पुढे दुसऱ्या गटाने प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, तर ते आग्या मोहोळाचे सुकलेले अवशेष निघाले. मधल्या काळात ते छतावरून सुटायलाही लागले होते. दगडाचा भाग असलेली गोष्ट वर्ष-दोन वर्षांत सोलत नाही. मूळ संशोधकांनीही चूक मान्य केली, हे मला फार मोलाचं वाटतं. कडेला उभं राहून मधाच्या पोळ्याची षटकोनी घरं शोधली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता.

वडांगळी_७
उलट्या दिशेची चूकही होते, खरा जीव हातात असून चुकीचा वाचला जातो. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांच्या थरातला अनोमॅलोकॅरिस बघा. तोंडापुढचा वाकडा अवयव १८९२ मध्ये कोळंबीचं धड म्हणून नोंदवला गेला. त्याच गटातल्या प्राण्याचं गोल तोंड जेलीफिश म्हणून, अंग समुद्रकाकडी म्हणून. सगळं एकाच जातकुळीच्या प्राण्याचं आहे हे १९८५ साली जुळलं. हॅल्युसिजेनिया तर १९७७ मध्ये उलटा उभा केला होता, पाठीवरचे काटे पाय समजून. १९९१ मध्ये तो सरळ झाला आणि २०१५ मध्ये डोकं कुठलं आणि शेपूट कुठली हे पक्कं झालं. एका टोकाला जो गोल डाग डोकं वाटायचा, तो कुजताना देहातून पिळून निघालेला द्रव होता.

गाळसाळ
वडांगळी, तो डाग नीट समजून घेण्यासारखा आहे. बर्जेस शेलमधल्या मारेला या प्राण्याच्या मागेही असाच काळा डाग दिसतो. देह गाडला गेल्यावर आतला द्रव बाहेर आला आणि गाळात मुरला. म्हणजे तो अवयव नाही, कुजण्याची नोंद आहे. चित्र काढणाऱ्याने त्याला अवयव समजून रंगवलं की संपलं.

यावरचा एक प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०१० साली लॅन्सलेट आणि लँप्रीच्या पिल्लांचे (दोन्ही माशासारखे साधे प्राणी) देह टप्प्याटप्प्याने कुजवून बघितले. ज्या खुणांवरून प्राणी "प्रगत" गटातला म्हणून ओळखतो, त्या आधी कुजल्या. जुन्या, सर्वसाधारण खुणा उरल्या. म्हणजे अर्धा कुजलेला प्राणी दगडात गेला, तर तो होता त्यापेक्षा आदिम दिसतो. जीवाश्मात डोळा नाही म्हणून "डोळा नव्हता" असं लिहिण्याआधी डोळा किती दिवसांत कुजतो ते माहीत हवं.

खडूफळा
नववीच्या मुलांकडून कुजण्याचा असा प्रयोग करून घेता येईल का? प्रयोगशाळा साधीच आहे.

गाळसाळ
येईल, कोळंबीवर करा. नोव्हेंबर ते जानेवारीत. मे महिन्यात करू नका, दोन दिवसांत सगळं विरघळून जाईल आणि नोंद करायला काही उरणार नाही.

६ ते ८ सेंटिमीटरची, डोकं आणि पाय शाबूत असलेली ताजी कोळंबी घ्या. गोठवलेली नको, बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटलेल्या असतात. विक्रेत्याला विचारून घ्या की काळी पडू नये म्हणून सल्फाइटची पावडर लावलीय का. लावली असेल तर कुजण्याचा वेग बदलतो. एका लिटरच्या काचेच्या बरण्या, लिटरला ३५ ग्रॅम मीठ. आयोडीनचं नको. खडे मीठ चालेल, मत्स्यालयाचं समुद्री मीठ मिळालं तर उत्तम, कारण त्यात सल्फेट योग्य प्रमाणात असतं.

तीन प्रकार करा. पहिला उघडा. दुसरा काठोकाठ भरून वर एक सेंटिमीटर लिक्विड पॅराफिनचा थर: हवा आत जात नाही, वायू मात्र बाहेर पडतो. घट्ट झाकण लावू नका, बरणी फुटते. तिसऱ्यात कोळंबी २-३ सेंटिमीटर चिकणमातीखाली. शाडू हाताशी असते, पण तिच्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. कुंभारकामाचं सामान विकणाऱ्यांकडून केओलिन घ्या, ही माती जिवाणूंची वाढ मंदावते हे प्रयोगांत दिसलंय.

बहुतेकांची चूक पुढे होते. रोज बरणी उघडून तीच कोळंबी बाहेर काढतात. हलवली की सांधे सुटतात आणि नोंद बिघडते. म्हणून प्रत्येक प्रकाराच्या निदान चार बरण्या लावा आणि ३, ७, १४, २८ व्या दिवशी एकेक कायमची मोडा. आधी अंग फुगतं, मग डोक्याचं कवच आणि पोट यांमधला पडदा फाटतो, मग स्नायू जाऊन पोकळ कवच उरतं, शेवटी पाय गळतात. पीएच मोजा, मीटर असेल तर ४ आणि ७ च्या द्रावणावर जुळवून घ्या. उघड्या आणि बंद बरणीतला फरक हाच धडा आहे. दगड होईल अशी आशा मुलांना दाखवू नका. प्रयोगशाळेत स्नायूंवर फॉस्फेट काही आठवड्यांत बसलेलं दिसलंय, पण ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

बरण्या गच्चीवर सावलीत ठेवा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, बंद खोलीत तो घातक आहे. तोंड जवळ नेऊन वास घेऊ देऊ नका. हातमोजे घाला आणि शेवटी सगळं खोल पुरा.

पिंपळपार
बारा कोळंब्या पुरायच्या? कोकणातल्या माहेरवाशिणीला सांगून बघा :D

सिन्नरची_सई
मधेच एक विचारते. आमच्याकडच्या शाळिग्रामावर सोनेरी ठिपके आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्याभोवती पांढरट-पिवळी पूड येते. हे काय?

शंखशिंपले
सई ताई, ते पायराइट, लोहाचं सल्फाइड. मऊ देह टिकवणारं हेही एक मोठं खनिज. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका थरात ट्रायलोबाइटच्या मिशा आणि पाय याच सोनेरी पायराइटमध्ये टिकलेत. गाळात लोह भरपूर आणि कुजणारं द्रव्य फक्त त्या देहातच, असं असलं की पायराइट नेमका देहावर बसतो.

पण ओल्या हवेत तो टिकत नाही. ऑक्सिजन आणि बाष्पाशी मिळून लोहाची सल्फेटं आणि गंधकाम्ल होतं, तीच ती पूड. आम्ल आतला कॅल्साइट खातं आणि गोटा तडकतो. रोजचा अभिषेक थांबवायची गरज नाही, पण नंतर लगेच सुती कापडाने टिपून पूर्ण कोरडा करा. पंचामृतातलं दहीही आम्लधर्मी, त्यामुळे ते अंगावर ठेवू नका, लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. पूड मऊ कोरड्या ब्रशने झटका. जून ते सप्टेंबर शक्य तेवढा वेळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात राहू द्या. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की पुरे. तेल चोळू नका, ओल आत कोंडते.

रामकुंडकर
न फोडता बघण्याचं राहिलंच. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनवर काही दिसेल का?

क्षकिरण_नाशिक
दिसेल, पण काय दिसेल ते आधी पक्कं करून घ्या.

पहिल्यांदा घनता काढा, फुकटात होते. गोटा कोरडा तोला. मग दोऱ्याने बांधून पूर्ण पाण्यात, भांड्याला न टेकता लोंबता तोला. कोरडं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक. २.६ ते २.९ आलं तर साधा दगड. ३ च्या वर गेलं तर पायराइट भरपूर. २ च्या खाली आलं तर रेझिनमध्ये ओतलेला नकली माल असण्याची शक्यता मोठी, स्कॅनचे पैसे वाचवा.

दवाखान्याच्या सीटीची अचूकता अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कानाच्या आतल्या हाडासाठीचा प्रोटोकॉल आणि १४० केव्ही (क्ष-किरण नळीचा विद्युतदाब) मागा. स्कॅनच्या घनतेच्या नेहमीच्या मोजपट्टीवर ३०७१ च्या पुढचं सगळं एकसारखं पांढरं येतं आणि दगड तिथपर्यंत सहज पोचतो, म्हणून विस्तारित मोजपट्टीवर प्रतिमा मागून घ्या. पायराइट जास्त असेल तर काळ्या-पांढऱ्या रेघा उठतील. एवढं करून कप्पे, पडदे, कुठे चिखल आणि कुठे स्फटिक, शेवटचा कप्पा शाबूत आहे का, हे नक्की कळेल. स्नायू दिसणार नाहीत.

याच्या पुढची पायरी धातूच्या ओतीव भागांतली (कास्टिंगमधली) छिद्रं तपासायच्या औद्योगिक सीटीची. तिथे ७ सेंटिमीटरच्या गोट्याला साधारण ५० ते ७० मायक्रॉन मिळतात, जबड्यासारखा अवयव असेल तर दिसू शकतो. न्यूट्रॉन स्कॅन क्ष-किरणांच्या उलट वागतो. लोहातून तो आरपार जातो, पण हायड्रोजन असलेल्या पदार्थाला अडतो, म्हणून कार्बनी अवशेष उठून दिसतात. मुंबईच्या ध्रुव अणुभट्टीवर अशी सोय आहे, पण ती संशोधनासाठी. आणि न्यूट्रॉन खाल्लेला दगड काही काळ किंचित किरणोत्सारी होतो, तो ओसरेपर्यंत परत देत नाहीत.

रामकुंडकर
घनता २.७ आली. बाहेरच्या वेटोळ्याचा तोंडाकडचा भाग शाबूत दिसतोय, साधारण पाऊण वेटोळ्यात पडद्याची एकही रेघ नाही.

शंखशिंपले
मग तोच राहता कप्पा! रेघा जिथे संपतात ती जागा फोटोत खूण करून ठेवा, स्कॅन करणाऱ्याला तिथून तोंडापर्यंतचा भाग आधी दाखवा. रेघा नीट दिसाव्यात म्हणून टॉर्च अगदी आडवी धरा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर आणि टॉर्चवर पोलरायझरचा (प्रकाशाची चमक गाळणारी पारदर्शक फिल्म) एकेक तुकडा काटकोनात धरला तर काळ्या दगडाची चमक मरते आणि रेघ स्पष्ट येते.

क्षकिरण_नाशिक
नेताना चांदीच्या संपुष्टातून बाहेर काढा, धातूने सगळी प्रतिमा खराब होते. तुळस, गंध पुसून कोरडा गोटा सुती कापडात गुंडाळा आणि थर्माकोलच्या खाचेत थोडा तिरका बसवा. सपाट बाजू किरणांना समांतर आली की तिथे रेघा उठतात. स्कॅनच्या मूळ प्रतिमांच्या डायकॉम फाइल्स सीडीवर मागून घ्या, नुसती फिल्म घेऊन येऊ नका.